थारच्या वाळवंटातलं फुरसं आणि कोकणातलं फुरसं एकच असतं का?

जात एकच, उपजात मात्र वेगळी मानतात. तुम्ही विचारलंय की जैसलमेरच्या वाळूत हा साप जगतो कसा आणि आपल्याकडच्यापेक्षा जास्त डेंजर आहे का, तर दोन्हीचं सांगतो.

रत्नागिरीकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दगडाखाली सापडतं ते फुरसं जेमतेम फूटभर असतं, थारमधलं चांगलं दीड-दोन फुटांचं होतं, तिकडे त्याला बांडी म्हणतात. रंग फिका, मातकट आणि डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण, ती नीट दिसली की मग शंका राहत नाही.

मला सगळ्यात भारी वाटतो तो त्याचा आवाज. बाकीचे साप फुत्कार टाकतात, हे अंगाची वेटोळी करून एकमेकांवर घासतं. कुशीवरचे खवले तिरके बसलेले आणि दातेरी असतात, त्यामुळे सतत खर्रर्र असा आवाज येतो आणि तोंड बंदच राहतं. फुत्कारात श्वासावाटे ओलावा जातो, तो वाचवायला ही सोय असावी असं मानतात. आणि हे करतानाही डोकं मधोमध रोखलेलंच असतं, झेप इतकी फास्ट की डोळ्याला कळत नाही, म्हणून तो आवाज ऐकला की फोटोबिटो विसरून मागे सरकायचं.

चालही वेगळी. सुट्ट्या वाळूत सरळ सरपटायला जोर मिळत नाही म्हणून ते अंग उचलून आडवं सरकतं, आणि मागे सलग रेघ न राहता एकमेकींपासून सुट्या तिरक्या रेघा राहतात. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकाडांवर वारा सुटायच्या आत सकाळी गेलात तर अशा रेघा दिसू शकतात, मी बघितल्यात, साप मात्र नाही दिसला. उन्हाळ्यात दिवसभर बिळात नाहीतर झुडपाच्या मुळाशी, रात्री बाहेर, कधी वाळूत अंग पुरून फक्त डोकं वर. खाणं म्हणाल तर विंचू, गोम, पाली, छोटे उंदीर, मिळेल ते. आफ्रिकेतली त्याची भावंडं बहुतेक अंडी घालतात, आपल्याकडचं थेट पिल्लं देतं.

आता विष. त्यातला एक घटक रक्त गोठवायची क्रिया उगाचच सुरू करून देतो, गोठायला लागणारा माल त्यातच संपतो आणि मग रक्त गोठतच नाही, हिरड्यांतून, लघवीतून जायला लागतं. हे कधी कधी उशिरा दिसतं, म्हणून चावल्यावर "काही होत नाहीये" म्हणत घरी बसणं सगळ्यात वाईट. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवतात, तेवढ्यात गोठलं नाही तर विष चढलंय हे कळतं, टेस्ट इतकी साधी आहे. बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका, हातपाय स्थिर ठेवा आणि निघा.

जास्त डेंजर का, तर माझ्या मते खरी अडचण औषधाची आहे. सर्पदंशावर देतात त्या आपल्या लसीसाठीचं विष बरीच वर्षं मुख्यतः तमिळनाडूत पकडलेल्या सापांचं वापरलं गेलं, आणि पश्चिम राजस्थानातल्या डॉक्टरांचा अनुभव असा की तिथल्या फुरशाच्या दंशावर ती कमी पडते, कधी कधी डोस वाढवूनही रक्त लवकर गोठत नाही. त्या त्या भागातल्या सापांच्या विषापासून लस बनवा ही मागणी त्यातूनच आलीय, आणि ती मला शंभर टक्के पटते.