नट आवळून भागेल की बेअरिंगच बदलावं लागेल?

कारच्या मागच्या चाकातून घरघर येते, चाक थोडं हलतंय, एक मेकॅनिक म्हणतो नट आवळला की झालं आणि दुसरा म्हणतो बेअरिंग (चाक ज्याच्यावर फिरतं ते) बदला, असं तुम्ही लिहिलंय. पण चाकात बेअरिंग कोणतं आहे, हे दोघांपैकी कुणी सांगितलेलं दिसत नाही. सगळं अडतं ते तिथेच.

हबमधली, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातली टोपी काढा. पॉवर न जाणाऱ्या चाकात खाचांचा नट आणि त्यातून आरपार स्प्लिट पिन दिसली, तर बहुधा आत टेपर रोलर, म्हणजे कप-कोनवालं बेअरिंग आहे (कप म्हणजे बाहेरची कडी, कोन म्हणजे रोलर बसवलेली आतली कडी). ते जुळवता येतं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत मात्र सीलबंद बेअरिंग असतं. त्यातली फट कारखान्यातच ठरलेली असते आणि नट फक्त सगळं एकत्र दाबून धरतो. ठरलेल्या टॉर्कपेक्षा (आवळण्याच्या जोरापेक्षा) जास्त आवळून झिजलेल्या गोळ्या काही परत जाड होत नाहीत. ते हलायला लागलं की बदलायचं, विषय संपला. खात्री मॅन्युअलमधून करा.

आता गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको), चाक वर-खाली धरून हलवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर सस्पेन्शनचे बुश आणि जॉइंट तपासा. मग चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाच्या आधी बोटांना कळते. टायर उंचसखल झिजला असेल तरी हुबेहूब तसाच आवाज येतो, म्हणून पुढचे-मागचे टायर एकदा अदलाबदल करून बघा. आवाजाची जागा बदलली तर बेअरिंगचा काही दोष नाही. डावीकडे वळताना घरघर वाढत असेल तर संशय उजव्या चाकावर घ्यायचा, कारण भार तिकडे जातो.

कप-कोनवालं निघालं आणि नुसतं हलतंय, आवाज नाही, तर जुळवून बघायला हरकत नाही. पण त्याआधी ते बाहेर काढा, जुनं ग्रीस पुसा आणि उजेडात नीट बघा. रोलर किंवा कपवर खड्डे, पापुद्रे, तापून आलेला निळा रंग दिसला तर कप आणि कोन जोडीनेच बदला. जुन्या कपात नवा कोन बसवण्याची काटकसर टिकत नाही. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असेल तर नवं ग्रीस, नवं सील. मग चाक फिरवत फिरवत नट आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात, नंतर नट सैल करा, बोटांनी टेकेल इतकाच परत फिरवा आणि नवी स्प्लिट पिन घाला. बऱ्याच गाड्यांत साधारण ०.०३ ते ०.१ मिलिमीटर फट ठेवतात. अचूक आकडा मॅन्युअलमधला घ्या. किंचित सैल चालतं, पण घट्ट अजिबात नाही: बेअरिंग तापतं, ग्रीस वितळून वाहतं आणि चाक जाम होण्यापर्यंत पाळी येते.

तुमच्याकडे घरघर आहे, त्यामुळे टायर निर्दोष निघाला तर बेअरिंग कुठलंही असो, मी बदलेन. नट आवळल्याने आवाज काही दिवस दबेलही, पण खड्डे पडलेलं पोलाद भरून येत नाही.

नवीन सीलबंद बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये बऱ्याचदा एबीएससाठी (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चुंबकी पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. उलटी बसली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.