इमू म्हणजे ऑस्ट्रेलियातलं शहामृगच का?

तुमचा प्रश्न असा, की इमू आणि शहामृग सख्खी भावंडं आहेत का, उडता येत नसताना ती इतक्या लांबच्या खंडांवर पोचली कशी, आणि डोडो याच कुळातला का.

सख्खी नाहीत, लांबचे भाऊबंद आहेत. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवतो. मधल्या काळात आपल्या भागातही इमू पाळायचं वारं आलं होतं, तेव्हा एका शेडमधून आणलेलं पीस आजही वर्गात दाखवतो. बुडाशी देठ एकच, पण त्यातून सारख्या लांबीच्या दोन काड्या निघतात. एका पिसात दोन पिसं! न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या जंगलातल्या कॅसोवरीचं पीसही असंच जोड असतं. शहामृगाच्या पिसाला ती दुसरी काडी नसतेच. पायही बघा. इमूला तीन बोटं, शहामृगाला दोनच. इमूचा खरा सख्खा म्हणजे कॅसोवरी.

शहामृग, इमू, कॅसोवरी, दक्षिण अमेरिकेतला रिया आणि न्यूझीलंडचा किवी हे या कुळातले आज जिवंत असलेले न उडणारे पक्षी. न्यूझीलंडचा मोआ आणि मादागास्करचा एलिफंट बर्ड माणूस तिथं पोचल्यावर संपले. या सगळ्यांच्या छातीचं हाड सपाट असतं. कोंबडीच्या छातीत मधोमध जी उभी कड लागते, तिलाच उडण्याचे स्नायू धरलेले असतात. ती कड यांच्याकडे नाही.

हे पोचले कसे, याचं जुनं उत्तर फार देखणं होतं. दक्षिणेकडची सगळी भूमी एकेकाळी गोंडवन नावाचा एकच खंड होती, तो फुटला आणि प्रत्येक तुकडा आपापले पक्षी घेऊन सरकला. माझ्या विद्यार्थिदशेत आम्हीही हेच शिकलो. पण तसं असतं तर मोआ आणि किवी, दोघंही न्यूझीलंडचे, एकमेकांच्या सगळ्यांत जवळचे निघायला हवे होते. एलिफंट बर्ड आफ्रिकेशेजारचा, तो शहामृगाजवळ बसायला हवा होता.

डीएनएनं दोन्ही अंदाज खोटे ठरवले. २०१४ मध्ये एलिफंट बर्डच्या जुन्या हाडांतला डीएनए वाचला गेला आणि त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक निघाला किवी! एकाच्या मोठ्या जाती अर्ध्या टनाच्या घरातल्या, दुसरा कोंबडीएवढा, आणि मध्ये अख्खा महासागर. त्यांचे पूर्वज वेगळे झाले तेव्हा मादागास्कर आणि न्यूझीलंड कधीच दूर गेले होते. म्हणजे ते पूर्वज चालत गेलेले नाहीत, उडत गेले. मोआला तर पंखाचं हाडसुद्धा नव्हतं, पण त्याचा जवळचा नातेवाईक दक्षिण अमेरिकेतला टिनामू, दिसायला तित्तरासारखा, आजही उडतो.

मला या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. उडणं एकदाच सुटलं आणि त्यातून हे सगळे निपजले, असं झालेलं नाही. वेगवेगळ्या भूमीवर उतरलेल्या पक्ष्यांनी ते आपापलं, पुन्हा पुन्हा सोडलं. जमिनीवर खायला भरपूर आणि धावून जीव वाचत असेल, तर पंख पोसणं महागात पडतं. त्यामुळं सारख्या राहणीनं चेहरेमोहरे सारखे झाले आणि शहामृग-इमू आपल्याला जुळे वाटू लागले. प्रत्यक्षात या कुळातली सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा शहामृगाची, आणि इमू त्याच्यापेक्षा किवीला जवळचा.

शहामृग पूर्वी आपल्याकडेही होतं, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. जळगाव जिल्ह्यात पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा सापडलाय, साधारण २५,००० वर्षांपूर्वीचा. भारतात मिळालेल्या अशाच एका कवचातून डीएनएही काढता आला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला.

राहिला डोडो. तो या कुळातला नाही, तो कबुतरांचा. मॉरिशसला पोचलेल्या कबुतरांनी तिथं उडणं सोडलं. त्याचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे निकोबारी कबुतर, आपल्या अंदमान-निकोबार बेटांवर आढळणारं.