वॉर्मिंग, हीटिंग आणि आपली तापमानवाढ

एका वाचक मैत्रिणीने विचारलं आहे: ‘मी परदेशी वृत्तपत्रांतल्या पर्यावरणविषयक बातम्यांचा अनुवाद करते. ‘द गार्डियन’मध्ये आता ‘ग्लोबल वॉर्मिंग’ऐवजी ‘ग्लोबल हीटिंग’ आणि ‘क्लायमेट चेंज’ऐवजी ‘क्लायमेट क्रायसिस’ लिहितात. मराठीत ‘तापमानवाढ’ आणि ‘हवामान बदल’ हेच शब्द ठेवू का?’

पहिला खुशाल ठेवा. दुसरा मात्र तसाच ठेवू नका.

‘गार्डियन’ने मे २०१९मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत हे बदल केले. ‘वॉर्म’ हा थंड मुलखातला सुखाचा शब्द आहे. त्यात शेकोटीची, घोंगडीची ऊब आहे. संकटाच्या बातमीत ती ऊब खटकणारच, म्हणून ‘हीटिंग’. आपल्या ‘तापमानवाढी’त ऊब कधी नव्हतीच. अंगात भरतो तो ताप, डोक्याला होतो तोही ताप. शिवाय हा शब्द बसलाय दरवाढ, भाडेवाढ, भाववाढ यांच्या पंगतीत. त्यामुळे इंग्रजीला जी दुरुस्ती करावी लागली, तिची मराठीला गरज नाही.

खरी पंचाईत ‘हवामान’ या शब्दाची आहे. अरबीतून आलेली ‘हवा’ आणि संस्कृत ‘मान’ यांचा हा जोडशब्द, ‘पर्जन्यमाना’सारखाच. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो की आजची ती हवा आणि साधारण तीस वर्षांची सरासरी ते हवामान. पण रोज कानावर पडतो तो ‘हवामानाचा अंदाज’, आणि तो असतो उद्याचा. मग कोकणात दोन दिवस मळभ आलं, आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडले, की मथळा येतो ‘हवामान बदलाचा हापूसला फटका’. तिथे ‘ढगाळ हवेचा फटका’ एवढंच म्हणायचं असतं. त्याच पानावर खाली हिमनद्या वितळल्याची बातमी असते आणि तिथेही हाच शब्द! वाचकाने फरक ओळखायचा कसा?

म्हणून माझा आग्रह असा: दशकांच्या बदलासाठी ‘हवामानबदल’ हा एकच शब्द जोडून लिहावा, आणि दोन-चार दिवसांच्या फरकाला ‘हवा बदलली’ म्हणावं. (‘हवापालट’ नको. तो आजारातून उठलेल्याने महाबळेश्वरला जाऊन करायचा असतो.) राज्य सरकारने २०२०मध्ये पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द घातले, मला ते पटत नाहीत. वातावरण लग्नघराचंही असतं आणि निवडणुकीचंही. हिंदीतला ‘जलवायू’ मात्र आपल्या ‘हवापाण्या’चा सख्खा भाऊ. ‘इथलं हवापाणी मानवलं नाही’ म्हणताना आपण क्लायमेटबद्दलच बोलत असतो.

आता ‘क्रायसिस’. नुसतं ‘हवामान संकट’ लिहिलंत तर किनाऱ्यावरच्या माणसाला ‘निसर्ग’सारखं चक्रीवादळ आठवेल. ‘हवामानबदलाचं संकट’ लिहा. चार अक्षरं जास्त जातील, पण काय बदलतंय तेही त्यातच सांगून होतं.

तुम्ही विचारला नाहीत असा तिसरा शब्दही त्याच यादीत होता: ‘क्लायमेट स्केप्टिक’च्या जागी ‘क्लायमेट सायन्स डिनायर’. त्याला ‘संशयवादी’ किंवा ‘साशंक’ हे प्रतिशब्द अजिबात वापरू नका. शंका घेणं हे तर शास्त्रज्ञाचं रोजचं काम. हे लोक पुरावा समोर ठेवला तरी मानत नाहीत. त्यांना ‘हवामानशास्त्र नाकारणारे’ म्हणा.