रविवार नक्की कोणाचा? सायकलवाल्यांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात सायकलिंगबद्दल काहीही विचारा म्हटलं होतं. मला वाटलं गिअर, सीट, टायर असलं काहीतरी येईल, पण बरीचशी पत्रं घराबद्दल आली. सायकल कधी चालवायची, घरच्यांचं काय करायचं, ऑफिस सांभाळून जमवायचं कसं. बरंच झालं, कारण माझ्या मते सायकल सुटते ती याच कारणांनी, गुडघे वगैरे नंतर. त्यातले पाच प्रश्न घेतेय.

प्रश्न : मी ३९ वर्षांचा, कोथरूडला राहतो, ऑफिस हिंजवडीत. दोन वर्षांपासून सायकलिंगचं वेड लागलंय, छान ग्रुप आहे. दर रविवारी पहाटे पाचला निघतो, खडकवासला, पानशेत, कधी सिंहगड, आणि अकरापर्यंत परत. अर्धाच दिवस तर जातो, पण बायको म्हणते तुझा अख्खा रविवार गेलेला असतो. मुलगी सात वर्षांची आहे. भांडण नकोय आणि सायकलही सोडायची नाहीये. तिला कसं पटवू?

पटवायचं आधी डोक्यातून काढा, कारण मला तिचं म्हणणं बरोबर वाटतंय, आणि मी स्वतः सायकलवाली असून हे म्हणतेय. जरा नीट हिशोब करू. पाचला निघायचं म्हणजे साडेचारला उठायचं, म्हणजे शनिवारी दहाला झोपायचं, म्हणजे शनिवारी रात्री कोणाकडे जेवायला जाणं नाही, पिक्चर नाही, मुलीला उशिरापर्यंत जागायची परवानगी नाही कारण बाबा झोपलेत. रविवारी अकराला आलात की आंघोळ, सायकल पुसणं, जेवण, आणि मग जी झोप लागते ती चारशिवाय उतरत नाही. राईड सहा तासांची, पण तुम्ही घरात नसता शनिवार रात्रीपासून रविवार संध्याकाळपर्यंत. आणि तेवढा वेळ घर काही थांबत नाही, नाश्ता, मुलीचं डोकं धुणं, प्रोजेक्टचा चार्ट, अचानक आलेले पाहुणे, हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर पडतं आणि तिलाही आठवड्यात सुट्टीचा तोच एक दिवस आहे. तुमची सायकल तिच्या वेळावर चाललीये, हे एकदा तिच्यासमोर मोठ्याने मान्य करा, पुढचं बोलणं बरंच सोपं जाईल.

आता करायचं काय. पहिली गोष्ट, ग्रुप राईडमध्ये वेळ खरा कुठे जातो ते बघा. खडकवासल्याचं धरण तुमच्याकडून एनडीए रोडने जाऊन येऊन तीस किलोमीटरच्या आसपास. आरामात चालवलं तरी दोन तासांत घरी. पण वाटेत कोणाची वाट बघणं, फोटो, मग मिसळ, मग दुसरा चहा, त्यात दीड तास सहज जातो. महिन्यातले दोन रविवार ग्रुपला सांगून टाका की मी नाश्त्याला थांबणार नाही, सव्वापाचला निघा, साडेसातला दारात, येताना सगळ्यांसाठी गरम इडली किंवा ढोकळा घेऊन या आणि त्यानंतरचा दिवस घरचा. एक रविवार मोठ्या राईडचा, पानशेत म्हणा, ऐंशीच्या आसपास होतात, ती तारीख महिना सुरू व्हायच्या आधी दोघांनी मिळून ठरवायची आणि किचनच्या कॅलेंडरवर लिहायची. उरलेला एक रविवार तिचा. तिला जिथे जायचं तिथे जाऊ दे, नुसतं झोपायचं असेल तर झोपू दे, आणि त्या दिवशी मुलगी पूर्ण तुमच्याकडे, "हिचा ड्रेस कुठे ठेवलाय" असा फोन न करता.

दुसरी गोष्ट, जी लोक करत नाहीत आणि मला सगळ्यात जास्त पटते : सायकलचा वेळ घरातून काढण्यापेक्षा प्रवासातून काढा. कोथरूड ते हिंजवडी तुम्ही रोज गाडीत बसून सिग्नल मोजता. सोमवारी सकाळी लवकर सायकलने जा, सायकल ऑफिसच्या पार्किंगमध्ये चांगलं कुलूप लावून ठेवा, संध्याकाळी कंपनीच्या बसने या, मंगळवारी बसने जा आणि सायकलने परत या. म्हणजे एका दिवसात दोन्हीकडचं अंतर अंगावर येत नाही, आणि सकाळच्या वेळी सायकलला लागणारा वेळ गाडीपेक्षा फार जास्त नसतो. ऑफिसात शॉवर आहे का विचारा, नसेल तर ओला टॉवेल आणि ड्रॉवरमध्ये कपड्यांचा एक जोड, भागतं. बायपासवर मात्र मेन रस्ता नको, सर्व्हिस रोडच धरा, आणि अंधार पडल्यावर मागचा लाल दिवा नसेल तर त्या दिवशी बसच.

तिसरं, ती दुपारची झोप. बहुतेक वेळा ती थकव्याची नसते, उपाशीपोटी चालवल्याची असते. दीड तासाच्या वर राईड असेल तर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, एका केळ्यात अंदाजे २५ ग्रॅम असतं, म्हणजे तासाला एक केळं आणि दोन-चार खजूर किंवा एखादा राजगिऱ्याचा लाडू, आणि बाटलीत लिंबू-मीठ-साखर. बरेच जण काळ्या चहावर सिंहगड चढतात आणि घरी आल्यावर सोफ्यावर आडवे होतात. नीट खाल्लंत तर दुपारी मुलीबरोबर बसायला अंगात जीव राहील, आणि खरं सांगू का, बायकोचा अर्धा राग त्या झोपेवरच असणार.

प्रश्न : मी धायरीला राहते, बँकेत आहे, सव्वानऊला घर सोडते. मुलांची स्कूलबस सात वीसला. दोन डबे, नवऱ्याचा तिसरा, सासूबाईंचा चहा-नाश्ता. मला सकाळी तासभर सायकल चालवायची खूप इच्छा आहे, खडकवासला इतकं जवळ आहे. पण साडेपाचला अंधार असतो आणि सासूबाई म्हणतात या वयात हे काय नवीन. काय करू?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि त्यात एक गोष्ट राहून गेलीये असं वाटलं, नवरा सकाळी साडेपाच ते सात काय करतो हे तुम्ही लिहिलंच नाहीये. तो झोपलेला असेल तर उत्तर तिथेच आहे. पोळ्या येत नसतील तर आठवड्यात दोन दिवस डब्यात पोहे, इडली, पराठा, सँडविच असं काहीतरी जे त्याला जमेल, भाजी रात्रीच चिरून ठेवलेली, आणि त्या दोन दिवशी डब्याबद्दल तुम्ही काहीही बोलायचं नाही, मीठ कमी असलं तरी नाही. मुलं एखाद दिवशी कुरकुर करतील, करू देत.

अंधाराचं म्हणाल तर ते ऋतूवर आहे. पुण्यात जूनमध्ये सहाच्या सुमाराला सूर्य उगवतो, जानेवारीत सात वाजून गेलेले असतात. म्हणजे मार्च ते सप्टेंबर, पावसाचे दिवस सोडून, तुम्हाला स्कूलबसच्या आधी उजेडातला पाऊणएक तास मिळू शकतो, आणि थंडीत तो मिळणारच नाही. मग थंडीत आठवड्याच्या मधल्या दिवसांचा हट्ट सोडा, शनिवार-रविवार धरा, सव्वासातला निघा. वर्षभर एकच वेळापत्रक ठेवायचा नियम कोणी केलेला नाही. सिंहगड रोडवर एकटीने अंधारात जाऊच नका, मी असं सहसा कोणाला सांगत नाही, पण तिथे पहाटे डंपर जोरात असतात. तुमच्याच सोसायटीत अजून एक-दोघी निघतात बघा, लिफ्टमध्ये विचारून तर बघा. कुत्री मागे लागली तर पळवायचं नाही, उतरायचं, सायकल मधे धरायची आणि शांत चालायचं.

कपड्यांचं तुम्ही विचारलं नाहीये पण अनेकींच्या मनात असतं म्हणून सांगते. टाइट्स, जर्सी काही लागत नाही, कुर्ता आणि ट्रॅकपँट चालते, फक्त ओढणी नको आणि चेनवर कव्हर असू दे. बूड दुखत असेल तर आधी सीटची रुंदी आणि उंची तपासा. पेडल खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, एवढं साधं माप पुरतं. आणि हेल्मेट, हेल्मेट, हेल्मेट.

सासूबाईंचं असं करा. एका रविवारी नवऱ्याला आणि मुलांना सांगा आजीला गाडीतून खडकवासल्याला घेऊन या, तुम्ही सायकलने पुढे जा. चौपाटीवर कणीस, कांदाभजी, सगळे एकत्र. सून कुठे जाते, किती लांब जाते, तिथे अजून कोण कोण बायका असतात हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघू दे. न बघितलेल्या गोष्टीची काळजी जास्त वाटते माणसाला, आणि त्यांच्या वेळी त्यांना कोणी असं विचारलंही नसेल की तुम्हाला काय करावंसं वाटतं.

प्रश्न : वय ६६, सदाशिव पेठ. आयुष्यभर सायकलवर नोकरी केली, मधे पंचवीस वर्षं सोडली. आता परत सुरू करायचीये. बीपीची गोळी चालू आहे. मुलगा नको म्हणतो.

काका, नक्की सुरू करा, पण क्रम असा ठेवा : आधी तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की सायकल चालवणार आहे, ते ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट सांगतील ती करा, मग सायकल. बीपीच्या काही गोळ्यांनी, बीटा ब्लॉकर म्हणतात त्यांनी, नाडीचे ठोके मुळातच कमी राहतात, त्यामुळे घड्याळावरचे आकडे बघून जोर लावायचा नाही. चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यात ६५ च्या वरचेही आले, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस, झालं की. घाट नको. पहाटे रस्ते मोकळे असताना पेठांतून निघून जंगली महाराज रोड, युनिव्हर्सिटीपर्यंत, परत. नदीपात्रातला रस्ता पावसाळ्यात टाळा, खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बंद होतो हे तुम्हाला मी काय सांगणार.

मुलाचं "नको" हे काळजीचं आहे. फोनवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवून निघा आणि सांगितलेल्या वेळेला परत या, रोज. दोन महिन्यांत तोच तुमच्या टायरमध्ये हवा भरून ठेवेल.

प्रश्न : २७ वर्षांचा, खराडीत एकटा राहतो, अमेरिकन क्लायंट, रात्री एकपर्यंत कॉल. या वर्षी २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, करायचीच आहे. सकाळी पाचला उठून ट्रेनिंग होत नाही, दिवसभर डोकं दुखतं.

होणारच नाही, चार तास झोपून ट्रेनिंग करणं म्हणजे आजारपणाला बोलावणं. पहाटेच चालवलं तर खरी सायकल असं पुण्यात एक वातावरण झालंय, ते विसरून जा. एकला झोपत असाल तर आठला उठा आणि आठवड्यात तीन दिवस घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येते त्या स्टँडवर, पाऊण तास, खाली जाड रबरी मॅट टाका म्हणजे खालच्या मजल्यावरचे वर येणार नाहीत. रस्त्यावरची राईड फक्त वीकेंडला, शुक्रवारी रात्री तुमचे क्लायंट काम करतच असतात म्हणून शनिवार झोपेला द्या आणि रविवारी चालवा.

२०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, थांबण्याचा वेळ धरून ताशी सरासरी १५ च्या थोडी खाली. वेग लागत नाही, बूड टिकवणं आणि खात राहणं लागतं. रविवारची राईड हळूहळू वाढवत १२० पर्यंत आरामात नेलीत, त्यात दिवे घाट किंवा बोपदेव एक-दोनदा चढलात, की नाव द्यायला हरकत नाही. पण तारीख निवडताना ऑफिसचं रिलीज कधी आहे ते आधी बघा. आणि बीआरएमनंतरच्या सोमवारची सुट्टी आत्ताच टाका. एकटे राहता म्हणून वेळ सगळा आपलाच असं वाटतं, पण आईवडिलांना रविवारी फोन करायची वेळ असेल तर ती राईडमध्ये गिळू नका, तेवढं एक.

प्रश्न : पंधरा हजारांची घेऊ की साठ हजारांची? घरी ईएमआयवरून वाद चालू आहे.

पंधराची. हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईकच्या मधली, तुमच्या उंचीच्या फ्रेमची, दिवे आणि हेल्मेटचे पैसे त्यातच धरून. एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा ती चालवलीत, चेन वेळच्या वेळी पुसून तेल दिलंत, आणि तरीही तिचा वेग कमी पडतोय असं वाटलं तर साठची बोलणी करा, तोवर घरचेही तुमच्या बाजूने झालेले असतील आणि पहिली सायकल घरातलं दुसरं कोणीतरी चालवत असेल.