चाकांची टेबलं आणि झाडं: ऑफिस बदलताना सुरुवात कुठून करावी?

चाळीस माणसांच्या ऑफिसात हलवता येणारं फर्निचर आणि हिरवाई आणायची, तर सुरुवात प्लग पॉइंटपासून करा. टेबलाला चाकं असली तरी वायर भिंतीलाच असेल, तर ते जागचं हलत नाही. आधी फ्लोअर बॉक्स (जमिनीतच बसवलेले प्लग पॉइंट), मग फर्निचर. चाकांना ब्रेक हवाच.

झाडं हवा शुद्ध करतील या भरवशावर राहू नका. झाडं हवा शुद्ध करतात असं दाखवणारी नासाची १९८९ची ती प्रसिद्ध चाचणी बंद पेटीत झाली होती, खुल्या ऑफिसात नाही. झाडं डोळ्यांना बरं वाटावं म्हणून लावा. उजेड कमी असेल तर स्नेक प्लांट, झीझी, मनीप्लांट. व्हर्टिकल गार्डन (भिंतीवर उभी लावलेली बाग) मी तरी टाळेन: गळती, शिवाय माळ्याचा कायमचा खर्च. त्यापेक्षा खिडकीलगतच्या साहेबांच्या केबिनी आत सरकवा, म्हणजे उजेड सगळ्यांना मिळेल. (साहेब तयार झाले तर!)