अनवाणी धावत असाल तर तळव्यांचं खातं वेगळं ठेवा

प्रश्न असा आहे: "मी अनवाणी धावतो. आठवड्यात तीन दिवस धावणं, दोन दिवस सायकल, दोन दिवस व्यायामशाळा. या सगळ्याची मिळून नोंद कशी ठेवावी? सायकलचे किलोमीटर धावण्याच्या किलोमीटरमध्ये कसे बदलावेत? ॲप कोणतं वापरावं?"

सायकलचे किलोमीटर धावण्यात बदलूच नका. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका. मी बदलत होतो, आणि २०१९ च्या कोजागिरीनंतर पायाच्या हाडाला तडा जाऊन दोन महिने घरी बसलो.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, बावीस वर्षं झाली. राहायला जुळे सोलापूर. कारखान्यात सायकलनं जातो, येऊन-जाऊन १७ किलोमीटर, आठवड्याचे सहाही दिवस. अनवाणी धावायला २०१६ मध्ये सुरुवात केली. पहिलं वर्षभर फक्त माती, मग हळूहळू डांबर. घरी रोज सकाळी जोर-बैठका. म्हणजे तुमच्यासारखाच, तीन-चार प्रकारचा व्यायाम करणारा माणूस.

तेव्हा आमचा धावणाऱ्यांचा एक गट होता. दर रविवारी रात्री नऊला व्हॉट्सॲपवर कॅप्टन तक्ता टाकायचे. सायकलचे तीन किलोमीटर म्हणजे धावण्याचा एक. पोहण्याचा एक म्हणजे धावण्याचे चार. जोर-बैठकांना काही नाही, चालण्यालाही काही नाही. सगळ्यांची बेरीज आणि खाली क्रमांक. माझी सायकल आठवड्याला १०२ किलोमीटर, भागिले तीन, झाले ३४. धावणं साधारण २४. एकूण ५८. पाच आठवडे मी पहिला होतो आणि मला ते फार आवडत होतं.

मग नवरात्र आलं. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत पायात चप्पल घालायची नाही, हा आमच्या घरचा नेम. कारखान्यात, बाजारात, बँकेत, सगळीकडे अनवाणी. पुढे कोजागिरीला तुळजापूरची पायी वारी. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघायचं, हिप्परगा, तामलवाडी, माळुंब्रा करत रात्रभर चालायचं आणि तुळजाभवानीच्या पायरीला डोकं टेकवायचं. साधारण ४५ किलोमीटर. हजारो माणसं असतात, वाटेत लोक चहा-फराळ देतात, पाय चेपून देतात. माझी आई गुडघे साथ देत होते तोवर दरवर्षी अनवाणी गेली. मीही अनवाणीच जातो. दिवसा तापलेलं डांबर मध्यरात्रीपर्यंत कोमट असतं, आणि गर्दीमुळं कडेला सरकलं की साइडपट्टीवरची खडी लागते.

त्या आठवड्यात वारीमुळं दोन दिवस सायकल चुकली, धावणंही ८ किलोमीटरच झालं. रविवारच्या तक्त्यात माझ्यापुढे ३१ आला. पहिल्यावरून थेट सहावा. तुळजापूरच्या ४५ किलोमीटरला तक्त्यात जागाच नव्हती.

आता हाच आठवडा पायाच्या बाजूनं बघा. धावणं ८, चालणं ४५, एकूण ५३ किलोमीटर उघड्या तळव्यांवर. एरवीच्या दुपटीहूनही जास्त, आणि त्याआधीचे नऊ दिवस वेगळेच. तक्ता सांगत होता की गड्या, या आठवड्यात तू आराम केलास. पाय सांगत होता की आता पुरे. मी तक्त्याचं ऐकलं. पुढच्या रविवारी १६ किलोमीटर धावायला निघालो, विजापूर रोडवरून सात रस्ता, पार्क, सिद्धेश्वर तलावाला फेरी आणि परत.

बाराव्या किलोमीटरच्या आसपास उजव्या पावलात खडा रुतल्यासारखं वाटलं. थांबलो, विजेच्या खांबाला धरून तळवा वर करून बघितला. आमच्याकडं सराटे फार, वाटलं सराटाच असेल. काही नव्हतं. तळवा स्वच्छ. मग लक्षात आलं की दुखतंय ते खालून नाही, वरून. दुसऱ्या बोटाच्या मागं, पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत. तिथं बोट दाबलं की कळ थेट नडगीपर्यंत यायची, आणि बोटभर बाजूला दाबलं तर काहीच नाही. ही खूण नीट लक्षात ठेवा. स्नायू दुखतो तेव्हा तो पसरट दुखतो. हाड एका जागी दुखतं.

तिथंच थांबून रिक्षा करायला हवी होती. उरलेले चार किलोमीटर पूर्ण केले, कारण तक्ता.

घरी आलो तर आई ओट्यापाशी. पाठमोरीच होती, पण पावलांच्या आवाजावरून ओळखलं. "लंगडायलास का रे?" म्हणाली. आंबेहळद उगाळून गरम लेप घातला. सूज दोन दिवसांनी उतरली, कळ गेली नाही. डॉक्टरांकडे एक्सरे काढला, त्यात काही दिसलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा काढला तेव्हा त्याच हाडाभोवती पांढुरका ढग दिसला, तडा भरून येताना नवीन हाड धरतं तो. असा बारीक तडा पहिल्या एक्सरेत बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून "एक्सरे चांगला आहे" एवढ्यावर परत धावायला जाऊ नका.

कॅप्टनना कळवलं तर त्यांचा निरोप आला: "म्हणून सांगत होतो, बूट घाला. बिकिलानंसुद्धा शेवटी घातले." त्यांचं हे नेहमीचं वाक्य. अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत, आणि १९६४ मध्ये टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण माझ्या पायाला बुटाची नड नव्हती. तीन वर्षं मी अनवाणी धावलो, काही झालं नव्हतं. पाय मोडला तो पंधरा दिवसांत त्याच्यावर पडलेलं ओझं कुणी मोजलं नाही म्हणून. बूट घालून कुणी एका आठवड्यात दुप्पट धावला असता तर त्यालाही काहीतरी झालंच असतं. हे मी गटात लिहिलं. उत्तर आलं नाही, तक्ता मात्र पुढच्या रविवारी वेळेवर आला. मी गट सोडला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पहाटे साडेचारला उठून दुसऱ्यांना उठवणारे आहेत, पण या बाबतीत ते तेव्हाही चुकीचे होते आणि आजही त्यांचं मत तेच आहे असं ऐकतो.

आता तुमच्या नोंदीकडे येतो.

हिशेबात एक साधा नियम असतो: एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकून ताळा जुळवायचा नाही. सायकल चालवताना छाती आणि मांड्या काम करतात, पावलाची हाडं जवळजवळ मोकळी असतात. अनवाणी धावताना आपण टाचेऐवजी पावलाच्या पुढच्या भागावर उतरतो. हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक डॅनियल लीबरमन यांचा २०१० सालचा अभ्यास यावरच आहे. त्यानं टाचेला बसणारा सुरुवातीचा दणका टळतो, पण ओझं नाहीसं होत नाही, ते पोटरी, टाचेची शीर आणि बोटांमागची लांब हाडं यांच्याकडं जातं. छाती सहा आठवड्यांत तयार होते. हाडाला महिने लागतात. म्हणून सायकलनं कमावलेला दम तुम्हाला लांब पळवतो आणि हाडं मागं राहतात. अनवाणी धावून शिवाय दुसरा व्यायाम करणाऱ्याला धोका नेमका इथं असतो.

मी दोन खाती ठेवतो. कारखान्यात वापरतो तसलीच लाल कापडी बांधणीची चोपडी, डाव्या पानावर तळवे, उजव्या पानावर दम.

डाव्या पानावर किलोमीटर लिहीत नाही, मिनिटं लिहितो, आणि जमीन लिहितो. माती, डांबर, पेव्हर ब्लॉक, सगळं वेगळं. अनवाणी चालणंही इथंच येतं: देवळाची प्रदक्षिणा, लग्नातली धावपळ, वारी, सगळं. तळव्याला हेतू कळत नाही, वजन कळतं. परवाच्या सोमवारची ओळ अशी आहे: "माती २५, डांबर ८. सकाळची दहा पावलं साफ. उजवं दुसरं हाड साफ." सकाळची दहा पावलं म्हणजे पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा, तेव्हा टाच आणि पोटरी खरं बोलतात. आणि रोज रात्री पाय धुतल्यावर पाचही बोटांमागची हाडं एकेक करून अंगठ्यानं दाबतो. मिनिटभराचं काम आहे. एका जागी कळ आली की दुसऱ्या दिवशी धावणं बंद, सायकल चालू.

उजव्या पानावर सायकल, धावणं, व्यायामशाळा, सगळं एकाच मापात येतं, पण ते माप किलोमीटर नाही. कार्ल फॉस्टर या व्यायामशास्त्रज्ञांची पद्धत वापरतो: व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासानं स्वतःला विचारायचं, शून्य ते दहात किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. कारखान्याची सायकल एका बाजूची ३५ मिनिटं, जडपणा ३, झाले १०५. जोर-बैठका २० मिनिटं, जडपणा ६, झाले १२०. आठवड्याची बेरीज करा. धावणं दोन्ही पानांवर येतं, सायकल फक्त उजव्या. तुम्हाला एकच आकडा हवा असेल तर उजवीकडची बेरीज घ्या, पण धावायचं की नाही हे डाव्या पानावरून ठरवा.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचा. माझी कारखान्याची सायकलच ४२० मिनिटं होते. म्हणजे तब्येतीसाठी मला धावायची गरजही नाही, ते मी आनंदासाठी करतो. हे एकदा मान्य केल्यावर एखादा रविवार सोडायला जड जात नाही.

दर आठवड्याला किती वाढवायचं? दहा टक्क्यांचा नियम सगळे सांगतात. हॉलंडमध्ये २००८ साली नवख्या धावपटूंवर झालेल्या अभ्यासात दहा टक्क्यांनी वाढवणारे आणि त्याहून भराभर वाढवणारे, दोघांच्याही दुखापती सारख्याच निघाल्या. त्यामुळं त्या आकड्याला मी चिकटत नाही. मागच्या चार आठवड्यांची डाव्या पानाची सरासरी काढतो, तिच्या सव्वापटीच्या वर जात नाही आणि चौथा आठवडा हलका ठेवतो. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नाही. माझ्या पायाला मानवला.

ॲपचं म्हणाल तर कोणतंही चालेल. माझा पुतण्या स्ट्राव्हा वापरतो. त्यात बुटांची नोंद करायची सोय आहे, कोणत्या जोडीवर किती किलोमीटर झाले ते दिसतं. त्यानं त्यात "अनवाणी" नावाची एक जोडी टाकून ठेवली आहे. चांगली युक्ती आहे. मात्र वारीचं चालणं त्यात आपसूक येत नाही, ते हातानं घालावं लागतं, आणि जमीन कोणती होती हे तर लिहावंच लागतं.

एक आधी सांगायचं राहिलं. मधुमेह असेल किंवा तळव्यांना मुंग्या, बधिरपणा असेल तर अनवाणी धावू नका. माझी हाडं दाबून बघायची पद्धत ज्याला नीट जाणवतं त्याच्यासाठीच आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी घ्या. आणि आमच्यासारख्या गावात राहत असाल तर मार्च ते जूनमध्ये सकाळी साडेसहाच्या आत घरी परतायचं. मे महिन्यात आठ वाजताचं डांबर तळव्याला फोड आणतं, आणि फोड आला की माणूस पाऊल वाकडं टाकतो, मग गुडघा.

तुळजापूरची वारी मी बंद केली नाही. कुणीतरी तसा सल्ला देईल म्हणून लिहून ठेवतो. कोजागिरीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे दोन, डाव्या पानावर धावण्याच्या रकान्यात आधीच आडवी रेघ मारून ठेवतो. २०२० नंतरच्या प्रत्येक चोपडीत ती रेघ आहे. त्या दिवसांत फक्त सायकल आणि जोर.

तुम्ही किती महिने अनवाणी धावताय आणि जमीन कोणती, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. ते कळवा, आणि गेल्या चार आठवड्यांची अनवाणी मिनिटं कळवा, चालण्यासकट. त्याशिवाय आठवड्याला किती, हा आकडा मी सांगणार नाही.