५०० मीटरची गाडी ४०० मीटरच्या शेडमध्ये कशी मावते?

प्रश्न असा: बेळगावहून खानापूरकडे ५०० मीटरची गाडी प्रकाशवेगाच्या ०.६ पटीने निघालीय. वाटेतल्या ४०० मीटर शेडची दोन्ही दारं क्षणभर एकदम मिटली, तर ती आत मावेल का?

मावेल. गॅमा (सापेक्षतावादानुसार धावती वस्तू जितक्या पटीने आखूड होते तो आकडा) इथे १.२५, म्हणून रुळाशेजारी उभ्या माणसाच्या मापाने गाडी नेमकी ४०० मीटर. गाडीतल्या गार्डच्या मापाने मात्र धावते ती शेड, म्हणून शेडच ३२० मीटर! मेख 'एकदम', म्हणजे एकाच क्षणी, या शब्दात आहे: रुळाशेजारच्या माणसाच्या घड्याळाने दारं एकदम मिटतात, गार्डच्या नाही. गार्डच्या घड्याळाने खानापूरकडचं दार १ मायक्रोसेकंद आधी मिटून उघडतं. तेव्हा मागचे १८० मीटर डबे शेडबाहेरच असतात. त्या मायक्रोसेकंदात शेड बरोबर १८० मीटर मागे सरकते, शेवटचा डबा आत येतो आणि मगच बेळगावकडचं दार मिटतं. बहुतेकजण गॅमाने भागून थांबतात, वेळेतला हा फरक धरतच नाहीत.